काकांच्या स्टुडिओतली कागदपत्रं: सिरॅमिक कलाकाराचं दप्तर कसं लावायचं, पहिल्या खोक्यापासून

आमचे काका लातूरच्या बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये चाळीसेक वर्षं सिरॅमिकचं काम करायचे, स्टोनवेअर म्हणजे जास्त आचेवर भाजलेली पक्की भांडी, गॅसची भट्टी, आणि ते गेल्यावर मागे राहिलं त्यात भांडी कमी अन् कागदं जास्त होती. अकरा खोकी, दोन लोखंडी ट्रंका, एक कपाट, खिळ्याला लटकवलेल्या तारेत ओवलेल्या पावत्या, आणि सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत भरलेल्या हजारेक टेस्ट टाईल, म्हणजे ग्लेझ (भांड्यावरचा काचेसारखा लेप) कशी येते ते बघायला भाजलेले छोटे तुकडे. घरच्यांचं म्हणणं असं की भांडी सगळ्यांनी वाटून घेऊ, फोटो ठेवू, बाकीचं रद्दीला. मी हट्ट धरला आणि दीड वर्ष शनिवार-रविवार देऊन ते सगळं लावलं. तुमच्याही घरी, ओळखीत, कुणा कलाकाराचं असं काही पडलेलं असेल तर मी काय केलं, कशात चुकले, ते सगळं सविस्तर लिहितेय.

घरच्यांना पटवायला मी तेरचं उदाहरण दिलं होतं. गोरोबाकाकांचं तेर, तिथल्या लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातल्या केओलिनच्या म्हणजे पांढऱ्या मातीच्या मूर्ती आहेत, दोन साच्यांत दाबून मग जोडलेल्या, इतक्या नाजूक की बघत राहावं. पण माती कुठून आणली, कशात मळली, जाळ किती वेळ दिला, हे त्या माणसांनी लिहिलेलं काहीच आपल्यापर्यंत आलेलं नाही, सगळं तुकड्यांवरून ताडावं लागतं. आणि इथं काकांनी स्वतःच्या हातानं चाळीस वर्षांचं लिहून ठेवलंय आणि आपण ते किलोवर विकायचं? त्यावर सगळे गप्प झाले.

आधी हात लावू नका, फोटो काढा

हे मी सगळ्यात वर लिहितेय कारण मी हेच चुकले. पहिल्याच दिवशी उत्साहात मोठी ट्रंक उपसली, पत्रं एकीकडे, बिलं एकीकडे, वह्या एकीकडे, असे छान ढीग लावले. संध्याकाळी एका वहीच्या पानावर पेन्सिलीत दिसलं, ‘बिल सोबत’. तेव्हा लक्षात आलं की काका प्रत्येक फेल्डस्पारच्या, चायना क्लेच्या (ग्लेझमध्ये घालायचं खनिज आणि पांढरी माती) गोणीचं बिल ज्या पानावर त्या मालाची टेस्ट लिहिली त्याच पानात घडी घालून ठेवायचे. म्हणजे कुठल्या लॉटच्या मालानं ग्लेझ बिघडली ते त्या घडीवरनं कळत होतं, आणि मी साठ-सत्तर बिलं काढून एका ढिगात टाकली होती. त्यातली वीसेक तारखांवरून परत जागी लागली, बाकीची नाही लागली आणि ते मला अजून लागतं.

आर्काइव्हवाले याला मूळ क्रम म्हणतात. माणसानं ज्या क्रमानं ठेवलं तो क्रम हीच एक माहिती असते. म्हणून खोकं उघडलं की आधी वरून एक फोटो, मग प्रत्येक थर काढताना एक फोटो, खोक्याला नंबर (१, २, ३, बस), आणि खोकं खोलीत कुठं होतं याचं एक कच्चं चित्र वहीत. चाकाजवळच्या शेल्फवरची वही आणि कपाटातली वही यांचं काम वेगळं असतं, चाकाजवळची रोजची, कपाटातली पक्की उतरवून काढलेली.

धूळ साधी नाही, हे मनावर घ्या

लेखकाची कागदं आणि कुंभाराची कागदं यात हा मोठा फरक. स्टुडिओच्या कागदांवर जी पांढरी धूळ बसलेली असते त्यात क्वार्ट्झ असतो, सिलिका, आणि ती बारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की सिलिकोसिस होतो. शिवाय जुन्या ग्लेझमध्ये रेड लेड वापरायचे, म्हणजे आपला शेंदूर, ते शिसंच आहे. बेरियम कार्बोनेट, मँगनीज, हेही विषारी. म्हणून एन-९५ मास्क, पातळ ग्लोव्हज, अंगणात सावलीत बसून मऊ रुंद ब्रशनं अंगापासून लांब झटकायचं, आणि नंतर जागा झाडूनं झाडायची नाही, ओल्या फडक्यानं पुसून घ्यायची. थुंकी लावून पान उलटायची सवय असेल तर इथं अजिबात नको. लहान पोरांना त्या दिवशी जवळ येऊ देऊ नका, आणि कामाचे कपडे वेगळे धुवा.

लगेच करायच्या गोष्टी

सगळं निवांत करायचं असलं तरी काही कागद वाट बघत नाहीत. फॅक्सचे आणि एटीएमच्या पावत्यांसारखे गुळगुळीत थर्मल कागद फिके पडत जातात, काही वर्षांत कोरे होतात, त्यांचे फोटो त्याच दिवशी काढा. ओलं खोकं सापडलं तर पत्रा कुठं गळतो ते आधी बघा, मग पानं पंख्याखाली सावलीत पसरून सुकवा, उन्हात नाही, आणि दोन दिवसांच्या आत, कारण त्यानंतर बुरशी धरते. एवढ्या वेळात जमणार नसेल तर पिशवीत घालून सरळ फ्रीजरमध्ये ठेवा, नंतर थोडं थोडं काढून सुकवता येतं. कसर किंवा वाळवी दिसली तर ते खोकं बाकीच्यांपासून लांब. कसर लागलेल्या सुक्या वह्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवल्या की किडे मरतात, बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस तशीच बंद ठेवायची म्हणजे पाणी सुटून कागद ओला होत नाही.

गंजलेल्या टाचण्या, स्टेपल, रबर बँड काढायचे, पण जे एकत्र टाचलेलं होतं ते एकत्रच राहिलं पाहिजे, मी दुमडलेल्या कागदाच्या पाकिटात ठेवलं. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर नकोच नको, एकदा केलं की ते परत निघत नाही. लिहायचं फक्त पेन्सिलीनं.

गट कसे पाडायचे

परदेशात मोठ्या कुंभारांची कागदं रीतसर जपलेली आहेत. बर्नार्ड लीच, ज्यानं १९२० मध्ये हामादा या जपानी कुंभारासोबत इंग्लंडात सेंट आइव्हजला पॉटरी काढली, त्याची कागदं फार्नहॅमच्या क्राफ्ट्स स्टडी सेंटरमध्ये आहेत. तोशिको ताकाएझू या अमेरिकन कलावतीची स्मिथसोनियनच्या आर्काइव्ह्ज ऑफ अमेरिकन आर्टमध्ये आहेत. तिकडं साधारण असे गट असतात, स्वतःविषयीची कागदं, पत्रव्यवहार, लेखन आणि वह्या, धंद्याचा हिशोब, प्रदर्शनं, छापील कात्रणं, फोटो, स्केचेस. मी तेच घेतलं आणि एक गट वाढवला, ‘भट्टी आणि ग्लेझ’, कारण काकांचं निम्मं आयुष्य त्यात होतं. पण गट फक्त यादीत पाडायचे बरं का, एका वहीत रेसिपीही आहे, दूधवाल्याचा हिशोबही आहे आणि कुणाचा पत्ताही आहे तर वही फाडायची नाही, ती जिथं आहे तिथंच राहील, यादीत तीन ठिकाणी तिची नोंद येईल.

ग्लेझच्या वह्या: इथं सगळ्यात जास्त वेळ द्या

काकांच्या वहीत असं पान असायचं, ‘फे ४०, क्वा ३०, व्हा २०, चा १०. को १०. १४७ ते १५२.’ बाहेरच्या माणसाला यात काही कळणार नाही. फे म्हणजे फेल्डस्पार, क्वा क्वार्ट्झ, व्हा व्हायटिंग (खडूची पूड), चा चायना क्ले, सगळं मिळून १००, को म्हणजे कोन, भट्टीत ठरावीक उष्णतेला वाकणारा छोटा शंकू, त्याच्या नंबरावरून भट्टी किती तापली ते कळतं, आणि १४७ ते १५२ हे टेस्ट टाईलचे नंबर. ज्यांना ग्लेझ माहितीये त्यांना हेही कळेल की ही चार-तीन-दोन-एक रेसिपी लीचच्या नावानं कुंभारांत प्रसिद्ध आहे, काकांची स्वतःची नाही. काकांचं काम पुढच्या पानावर सुरू होतं, तिथं त्यांनी व्हायटिंग कमी करत करत पऱ्हाटीची राख घातलीय, मग तुराटीची, दोन्ही आपल्याकडे शेताच्या बांधावर फुकट. राखेत कॅल्शियम आणि पोटॅश असतं, ते ग्लेझ वितळवायला मदत करतं. म्हणजे खरा शोध कुठून सुरू झाला ते पानांच्या क्रमावरूनच कळतं. एकेक रेसिपी सुटी टाईप करून काढली की हे सगळं गेलं.

म्हणून पहिलं काम, एक शब्दसूची करा. वहीत येणारं प्रत्येक शॉर्टफॉर्म आणि त्याचा अर्थ, आणि कुठल्या पानावरून तो अर्थ लावला ते. जिथं खात्री नाही तिथं तसं लिहा, अंदाजानं अर्थ ठोकून देऊ नका.

उतरवून घेताना दोन सापळे आहेत. कोनच्या आकड्यातलं शून्य. कोन ०६ म्हणजे साधारण १००० अंश, आणि कोन ६ म्हणजे १२२० च्या वर. एक्सेलमध्ये ०६ टाईप केलं की ते शून्य आपोआप उडतं आणि ६ उरतं, म्हणजे कागदावर दोनशे अंशांची चूक, आणि पुढं कुणी त्यावर विसंबून भट्टी लावली तर भांडी शेल्फवर वितळून चिकटतील. त्या कॉलमला आधीच टेक्स्ट फॉरमॅट द्या. दुसरा सापळा दशांश चिन्हाचा, कोबाल्ट ०.५ आणि ५ यात निळा आणि जवळपास काळा एवढा फरक आहे, आणि शाईचा ठिपका अन् मातीचा ठिपका जुन्या पानावर सारखाच दिसतो. शंका आली की भिंग घ्या, तरी कळलं नाही तर प्रश्नचिन्ह टाका.

काकांच्या चुका सुधारू नका. बेरीज ९७ येत असली तरी ९७ च लिहा.

टेस्ट टाईल हेही कागदच आहेत

टाईल फेकून वही ठेवायची किंवा उलटं, हे सगळीकडे होतं आणि त्यानं दोन्ही मुकं होतं. टाईलच्या पाठीवर आयर्न ऑक्साईडनं लिहिलेला नंबर असतो, तो वहीत सापडतो, आणि वहीतल्या तारखेवरून भट्टीच्या रजिस्टरमध्ये ती फायरिंग सापडते, कधी पेटवली, डॅम्पर म्हणजे धुराड्याची झडप किती बंद, रिडक्शन म्हणजे हवा कोंडून जाळणं कधी सुरू केलं. ही तिन्ही एकमेकांना धरून आहेत. मी टाईल शंभर-शंभरच्या गटात, प्रत्येक टाईलमध्ये कागदाची पट्टी घालून, सपाट खोक्यात ठेवल्या आणि खोक्यावर वहीचा नंबर लिहिला.

ज्यांचे नंबर पुसले गेले होते त्या दोनशे टाईल मी बाजूला काढून ठेवल्या होत्या. मग भट्टीवर काकांसोबत पंचवीस वर्षं काम केलेल्या मामांना बोलावलं, मूळचे कुंभारवाड्यातले, आता सत्तरी पार. त्यांनी एक टाईल घेतली, एक बाजू लालभडक आणि एक कोपरा हिरवट, अंगठा फिरवला आणि म्हणाले, “ताई, ही खालच्या फळीवरची हाय, दाराकडल्या कोपऱ्यातली. तिथून हवा शिरायची, विटंचा चिरा बुजवला नव्हता त्या सालची.” तांब्याची ग्लेझ असते, हवा कोंडली की लाल येते आणि हवा मिळाली की हिरवी, हे पुस्तकात मिळतं, पण दाराकडच्या चिऱ्याचं साल फक्त मामांकडे होतं. रजिस्टर काढलं, ‘दार लीक’ अशी नोंद सापडली, आणि त्या एका वाक्यावर चौतीस टाईल जागेवर लागल्या. तुमच्याकडे असं कुणी असेल, मदतनीस, विद्यार्थी, माल पोचवणारा, तर कागद नंतर करा, त्या माणसाला आधी बसवा, फोनवर रेकॉर्डिंग लावा आणि फोटो, टाईल हातात देऊन बोलतं करा. नुसते प्रश्न विचारले तर ‘चांगलं होतं सगळं’ एवढंच येतं.

रोजनिशी, पावत्या, आणि जे रद्दी वाटतं ते

भट्टीच्या रजिस्टरमध्ये ३० सप्टेंबर १९९३ च्या पानावर फक्त एक शब्द आहे, ‘किल्लारी’. पुढची सात पानं कोरी आहेत. २०१६ च्या एप्रिलमध्ये, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं तेव्हा, चार आठवडे एकच नोंद पुन्हा पुन्हा, ‘माती भिजवली नाही’. कोरी पानं म्हणून ही पानं स्कॅन न करता सोडली असती तर काकांच्या कामात त्या वर्षी खंड का पडला ते कुणाला कळलं नसतं. म्हणून वही पूर्ण स्कॅन करायची, कव्हरपासून कव्हरपर्यंत, कोऱ्या पानांसकट.

गॅस सिलिंडरच्या पावत्यांचंही तसंच. काकांना ग्लेझच्या एका भट्टीला साधारण दोन कमर्शियल सिलिंडर लागायचे, तर पावत्या मोजून वर्षात किती भट्ट्या झाल्या याचा अंदाज येतो, रजिस्टर हरवलेल्या वर्षांचाही. लाईट बिलं मात्र मी वर्षाला एक ठेवून बाकीची काढली, सगळंच ठेवायचं असं नाही. काय काढलं त्याची यादी मात्र ठेवा.

जुनी उर्दू-मोडी कागदं

मराठवाड्यात हे हमखास निघतं. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, त्यामुळे आजोबांच्या वेळचे जमिनीचे कागद, शाळेचे दाखले उर्दूत, आणि तारखा फसली सनात, म्हणजे तिथल्या सरकारी कामातल्या सनात. हैदराबादचं फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला, आजूर महिन्यापासून सुरू व्हायचं, म्हणून इसवी सन काढायला, ऑक्टोबर ते डिसेंबरची तारीख असेल तर ५९० मिळवा, त्यापुढची असेल तर ५९१. १३५७ फसली म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८. यादीत मूळ सन आणि इसवी सन दोन्ही लिहा. काकांच्या जन्माची नोंद अशाच एका कागदावर निघाली आणि सगळ्या कॅटलॉगमध्ये छापलेलं जन्मसाल एक वर्षानं चुकीचं निघालं.

फोटो, थोडक्यात

चिकट प्लॅस्टिकच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका, पातळ दोरा मागून सरकवत सोडवा, नाहीच सुटला तर पान तसंच स्कॅन करा. निगेटिव्हला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ती वेगळी ठेवा आणि आधी स्कॅन करा, ती खराब होत चाललीय आणि शेजारच्यांनाही लावते. स्लाईडच्या फ्रेमवर काय लिहिलंय ते यादीत उतरवा.

ठेवायचं कशात आणि कुठं

ॲसिड-फ्री खोकी महाग पडतात, सगळ्यांना परवडत नाहीत. मी वह्यांसाठी मांजरपाट आणला, धुऊन खळ काढली आणि जुन्या दप्तरांसारखे रुमाल बांधले, पेशवे दप्तराचे कागदही असेच रुमालात बांधलेले आहेत, कापडाला हवा लागते, धूळ अडते. सुट्या कागदांना हातकागदाचे फोल्डर. दौलताबादजवळचं कागजीपुरा हातकागदासाठी जुनं नाव आहे, पण कुठूनही घेतला तरी सुती चिंध्यांचा आहे ना आणि त्यात तुरटी-रोझीन (राळ) नाही ना हे विचारून घ्या, तुरटीनं कागद आंबट होऊन पिवळा पडतो. प्लॅस्टिक लागलंच तर पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिस्टर, पीव्हीसी नको.

आपल्याकडे कोकणासारखी ओल नाही हा फायदा, पण पत्र्याखालची मे महिन्यातली उष्णता कागदाला कुरकुरीत करून टाकते. म्हणून शेडमधून बाहेर काढा. स्लॅबच्या घरात, आतल्या भिंतीजवळ, जमिनीपासून वीतभर वर, भिंतीपासून थोडं सुटं, म्हणजे वाळवीची माती चढताना दिसते. पावसाळ्यात पन्नास-साठ टक्क्यांपर्यंत आर्द्रता ठीक, पासष्टच्या वर गेली की बुरशीची भीती, त्यासाठी एक छोटा मीटर ठेवा. कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर सुकवून, कापडात बांधून, कागदाला थेट लागू न देता.

स्कॅन आणि यादी

कागद ३०० डीपीआय, फोटो ६००, निगेटिव्ह-स्लाईड २४०० च्या आसपास. स्कॅनर नसेल तर खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, फोन सपाट धरून काढलेले फोटोही चालतात, न होण्यापेक्षा शंभर पट बरं. फाइलचं नाव खोकं-फोल्डर-पान, जसं ०३-०७-०१२, बस, नावात वर्णन घुसवू नका. तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या ठिकाणी, त्यातली एक गावाबाहेर. माझी पुण्यात बहिणीकडे हार्डडिस्कवर आहे.

यादी प्रत्येक कागदाची करायला बसलात तर संपणार नाही, फोल्डरपर्यंत थांबा. नंबर, काय आहे, कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत, किती पानं, कुठली वही-टाईल याला जोडलेली आहे. साल अंदाजाचं असेल तर चौकटी कंसात. पोस्टकार्ड आणि आंतरदेशीय पत्रांवर तारीख नसली तर पोस्टाचा शिक्का बघा.

खाजगी काय, हक्क कुणाचा

आजारपण, घरातले वाद, विद्यार्थिनींनी विश्वासानं लिहिलेली पत्रं, हे फाडू नका आणि उघडंही ठेवू नका, पाकिटात बंद करून वर ‘अमुक सालापर्यंत बंद’ असं लिहा. आधार, पॅन, पासबुकच्या झेरॉक्स वेगळ्या. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहिती नसते, काकांना आलेलं पत्र हा कागद आपला, पण त्यातल्या मजकुराचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचा. आपल्या १९५७ च्या कायद्यानं, लिहिणाऱ्याच्या हयातीत न छापलेल्या पत्रावर तो पहिल्यांदा छापलं गेल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. छापायचं, नेटवर टाकायचं असेल तर त्यांना किंवा वारसांना विचारा.

कुठं द्यायचं

मी एका संस्थेत गेले होते, त्यांनी भांडी लगेच मागितली आणि म्हणाले, वह्या ठेवा तुमच्याकडे, टाईल तर काय करायच्या. मी भांडी दिली नाहीत. विद्यापीठाचं ग्रंथालय, कला महाविद्यालय, संग्रहालय, जिथं जाल तिथं यादी घेऊन जा, खोकी घेऊन नाही, यादी बघितली की समोरचा माणूस वेगळ्या नजरेनं बोलतो. देताना साध्या तोंडी बोलण्यावर देऊ नका, दानपत्र करा. त्यात काय दिलं त्याची यादी जोडून दोघांच्या सह्या, बंद पाकिटं कधी उघडायची, स्कॅन कुणी वापरायचे, आणि त्यांना पुढं ठेवता आलं नाही तर घरच्यांना आधी परत करायचं. आमच्या दानपत्राच्या मसुद्यात मी पाचवं कलम स्वतःच्या शब्दांत घातलंय आणि वकिलांनी ते तसंच ठेवलं, ‘ग्लेझच्या वह्या, भट्टीची रजिस्टरं आणि टेस्ट टाईल एकाच इमारतीत, एकाच खोलीत ठेवण्यात येतील.’